चाखूच्या जिभेखाली

चाखू चहा प्यायचा नाही, ओढायचा. चमचाभर चहा ओठांशी आला की 'सुर्रर्रर्र' असा आवाज निघायचा, दारामागे कोणीतरी जाड कापड फाडतंय असा. मग गाल आत, भुवया वर, क्षणभर शांतता. आणि मग 'पिच्!' करून कमरेएवढ्या उंच पिकदाणीत नेमकी धार. पिकदाणीला खाली चाकं होती. चाखू एका कपाकडून पुढच्या कपाकडे सरकला की गुडघ्याने तिलाही सरकवायचा. सुर्रर्र, पिच्, गुडघा. सुर्रर्र, पिच्, गुडघा. चाखणीच्या खोलीत नवा माणूस आला की आधी दचकायचा, मग त्याला हसू फुटायचं, आणि चाखूचा चेहरा बघितला की ते हसू तो तिथल्या तिथे गिळायचा. लग्नाच्या बोलणीला बसलेल्या वरबापाचासुद्धा चेहरा इतका गंभीर नसतो.

चहाच्या कंपनीत त्याला सगळे चाखूच म्हणायचे. घरी बायको 'अहो' म्हणायची, आणि फार चिडली तर 'अहो चाखू'.

तरुणपणी तो याच कंपनीत पोती वाहायला लागला होता. एकदा पाठीवरचं पोतं खाली टाकून म्हणाला, "याच्या शेजारी रंगाचे डबे होते का हो?" सगळे खो खो हसले. चौकशी केली तर खरंच, ट्रकमध्ये त्या पोत्याच्या शेजारी कोणाचे तरी रंगाचे डबे आले होते. थोरल्या मालकांनी त्याला दंडाला धरून चाखणीच्या खोलीत नेलं, तो तिथेच राहिला. थोरले मालक गेले, धाकटे मालक आले, खोलीचा रंग बदलला. चाखूची जीभ तीच.

त्या जिभेची बडदास्त फार. कच्चा कांदा बंद, लसूण बंद, तिखट बंद, अत्तर बंद, तंबाखूचं तर नावच काढायचं नाही. बायको म्हणायची, "मी काही बोलत नाही. पण माझं लग्न यांच्याशी नाही, यांच्या जिभेशी झालंय. घरात साबणसुद्धा बिनवासाचा! मी काही बोलत नाही हं." आणि मग तासभर बोलायची.

चाखूचं खरं काम नुसतं चाखायचं नव्हतं, जमवायचं होतं. पत्ती माणसासारखी असते, आज एक आणि उद्या दुसरीच. पण पाकीट फोडणाऱ्याला बारा महिने तोच चहा लागला पाहिजे. म्हणून चाखू रोज थोडं इकडचं आणि थोडं तिकडचं घालून ब्लेंड जमवायचा. "ही आज रुसलीय, हिला डोंगरावरची दोन मुठी द्या. ही भुकटी फार बडबडतेय, हिला कमी करा." प्रमाण रोज बदललं तरी चालेल, शेवट सारखा आला पाहिजे, हा त्याचा एकुलता एक नियम होता. त्या नियमाने त्याला आयुष्यभर कधी दगा दिला नव्हता.

त्याच्या जोडीला चाखणीच्या खोलीत एक बाई होती. चाळिशी उलटलेली, काटकुळी, हाताने चपळ. पत्ती तोलायची, उकळतं पाणी ओतायची, कप मांडायची, आणि चाखूच्या मागोमाग स्वतःही ओढून बघायची. तिला गाळणी म्हणायचे. तिच्या कानात घातलेलं आत काही राहत नाही, असा साऱ्या कंपनीचा अनुभव होता.

*

दुखणं पहिल्यांदा आलं ते गोदामाच्या जिन्यावर. छातीवर कोणीतरी चहाचं भरलेलं खोकं ठेवावं आणि वर स्वतःही बसावं, तसं झालं. डावा हात जड पडला, जबडा आवळला. चाखू वळणावर थांबला. तिथे भिंतीवर जुनी पाटी होती, 'येथे थुंकू नये'. कोणाला संशय नको म्हणून तो ती वाचत उभा राहिला.

"काय चाखूभाऊ, पाठ करताय का?" खालून गाळणी ओरडली.

"अक्षर बघतोय. छान आहे."

दुखणं ओसरलं. पण त्याचे हातपाय गार पडले होते, ते घरी जाऊन बसला तरी ऊब धरेनात. बायकोने एकदा तोंडाकडे बघितलं आणि 'मी काही बोलत नाही'सुद्धा न म्हणता त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंना प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'काय?' लावायची सवय होती. तपासण्या झाल्या, कागदाच्या पट्टीवर रेघा उमटल्या, दंडाला पट्टा आवळून झाला, आणि त्या म्हणाल्या, "रक्तदाब वाढलेला आहे, काय? आणि हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्यात. तुम्ही जिना चढता, हृदय जास्त रक्त मागतं, ते पोचत नाही, मग छाती आवळते. याला अंजायना म्हणतात, काय?"

"काय?" चाखू म्हणाला.

"अंजायना."

बायकोने त्याला कोपर मारलं.

"ही सकाळची गोळी. हृदयाचा वेग आवरते, दाबही उतरवते. रोज घ्यायची. बरं वाटलं तरी बंद करायची नाही, काय? मनाने कमी नाही, मनाने जास्त नाही. एक दिवस विसरलात म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ही दुसरी, रात्रीची. आणि ही छोटी बाटली कायम खिशात. दुखायला लागलं की आधी बसायचं. उभ्याने घेतलीत तर चक्कर येऊन पडाल, काय? गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची. चावायची नाही, गिळायची नाही. डोकं ठणकेल, घाबरू नका. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, वाट बघत बसायचं नाही. आणि गोळ्या याच बाटलीत ठेवायच्या, पुडीत-डबीत काढायच्या नाहीत, काय?"

चाखू मान हलवत होता. त्याला त्यातलं 'जिभेखाली' एवढंच ऐकू आलं होतं.

"आणखी काही गोळ्या घेता? लाजू नका. काही पुरुष गुपचूप काही गोळ्या घेतात. त्यांच्यासोबत ही छोटी गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवावर बेततं, काय?"

बायको छताकडे बघू लागली.

"नाही," चाखू म्हणाला.

"नक्की?"

"अहो बाई," बायको छताशीच बोलली, "यांना कांदा चालत नाही."

*

त्या दिवसापासून चाखूच्या मनात भीती जी शिरली ती मुक्कामालाच आली. चालताना तो छातीकडे कान लावून चालायचा. बुटाची नाडी बांधायला वाकला की थांबायचा, आवळतंय का? नाही. की हो? शिंक आली तरी आधी घाबरायचा, मग शिंकायचा. पण गोळ्या नेमाने घेत होता. जिना चढताना दुखणं येईना. बायकोच्या जिवात जीव आला.

आणि मग एका सकाळी त्याने पहिला कप ओढला आणि तो चमच्याकडे बघत राहिला.

चहाला चमच्याची चव होती.

"चमचा बदल," तो म्हणाला.

गाळणीने चमचा बदलला. सुर्रर्र. पुन्हा तेच, ओठावर धरलेल्या नाण्यासारखं काहीतरी, आणि चहा त्याच्या मागे कुठेतरी, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखा.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"नेहमीचं. का हो? का? काही झालंय का?" गाळणीचे कान उभे राहिले.

"काही नाही. ब वर्गातली डोंगराची पत्ती दोन मुठी वाढव." हे त्याने अंदाजाने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंदाजाने सांगितलं. पिकदाणीला गुडघा लावायचंही विसरून तो पुढच्या कपाकडे गेला.

घरी येऊन, बायको बाहेर गेलेली बघून, तो स्वयंपाकघरात उभा राहिला. चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर, लिंबाचा थेंब. डोळे मिटून एकेक जिभेवर ठेवलं. मीठ कळलं, साखर कळली, लिंबू कळलं. पण हे तर कोणालाही कळतं! याच्यासाठी कोणी कोणाला चाखू म्हणत नाही.

छाती गेली तर माणूस जातो, हे त्याला पटत होतं. पण जीभ गेली तर चाखू जातो, आणि मग उरलेल्या माणसाने सकाळी उठून जायचं कुठे? या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला, आणि घाम फुटला म्हणून आता हे हृदयाचंच असेल, या विचाराने आणखी फुटला.

सांगायचं कोणाला? गाळणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्यालाही कळेल. बायकोला सांगितलं तर ती 'मी काही बोलत नाही' म्हणून लेकीला फोन करेल, आणि दोघी मिळून नोकरी सोडायला लावतील. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणणार, जीभ मोठी की जीव, काय? म्हणून चाखूने त्याला येत होतं ते केलं. ब्लेंड जमवलं.

दंडाला पट्टा लावायचं यंत्र त्याने घरी आणलं होतंच. आकडा चांगला आला की सकाळची गोळी अर्धी. चाखणीच्या दिवशी अजिबात नाही, जीभ स्वच्छ हवी. सुट्टीच्या दिवशी दोन, म्हणजे राहिलेल्यांची भरपाई. आकडा चढला तर रात्रीची गोळी सकाळीच. दोन मुठी इकडे, एक मूठ तिकडे. यंत्र 'टीं' करून आकडा दाखवायचं आणि तो बरा असला की चाखू स्वतःशीच मान हलवायचा, अगदी तसाच, जसा जमलेल्या कपापुढे हलवायचा. शेवट सारखा येतोय ना, झालं!

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण हे त्याला त्या वेळी सांगणार कोण?

"गोळी घेतली का?" बायको आतून विचारायची.

"घेतली." पाकिटातून काढून बेसिनमध्ये टाकली, तीसुद्धा घेतलीच की.

*

वर्षातली मोठी चाखणी जवळ आली. बाहेरगावचे मोठे व्यापारी येणार, एका बैठकीत पुढच्या मोसमाचं ब्लेंड ठरणार. धाकटे मालक सुगीच्या शेतकऱ्यासारखे फेऱ्या मारत होते. त्यांचं बोलणं 'कसंय ना'ने सुरू व्हायचं.

"कसंय ना चाखू, सगळं तुमच्या जिभेवर आहे."

चाखू हसला. त्या आठवड्यात त्याने सकाळची गोळी बंदच केली.

आणि जीभ उघडली! निदान त्याला तरी तसं वाटलं. चमच्याची चव गेली, चहा भिंतीपलीकडून खोलीत आला. चाखूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच सुमारास दात घासता घासता छाती धाडधाड वाजू लागली. सदऱ्याचं बटण लावताना खोकं येऊन बसलं. जिना नव्हता, घाई नव्हती, नुसतं बटण! तो पलंगाच्या कडेवर बसला, यंत्र लावलं, आणि आकडा बघून यंत्र उशीखाली लपवलं, जणू आकडा यंत्रानेच केला होता.

'मोठी चाखणी होऊ दे,' तो छातीला म्हणाला. 'एवढी होऊ दे. दुसऱ्या दिवसापासून एकही चुकवणार नाही.' छाती काय बोलणार? ती आवळायची आणि सोडायची, आवळायची आणि सोडायची, आणि प्रत्येक वेळी सोडायला थोडा जास्त वेळ घ्यायची.

चाखणीच्या दिवशी खोली उजेडाने भरलेली होती. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकामागे उकळलेल्या पत्तीचं वाडगं, मधोमध वाळूचं घड्याळ. भिंतीला लागून व्यापारी, हात मागे बांधून. मालक दाराशी. बाटली चाखूच्या खिशात होती, वाजू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली. डॉक्टरीणबाईंचं एवढं एक त्याने ऐकलं होतं.

सुर्रर्र, पिच्, गुडघा. सुर्रर्र, पिच्, गुडघा.

रांगेच्या मध्यावर खोकं आलं.

त्याने पुढचा कप ओढला. चव कळली नाही, कारण जबडा आवळला होता. त्याने मान हलवून काहीतरी सांगितलं, गाळणीने टिपून घेतलं. पुढचा कप. हात बोटांपर्यंत जड झाला. खोलीतला उजेड पिवळा पडत चालला. हे ओसरत नव्हतं, हे वाढत होतं. आणि चाखूला वाटलं, मी इथेच पडणार, या कपांवर, आणि कप फुटतील.

तो व्यापाऱ्यांकडे पाठ करून खिडकीकडे वळला. बसायचं होतं, पण बसला तर सगळ्यांना कळलं असतं. रुमाल सोडवून त्याने बाटली उघडली आणि इवलीशी गोळी जिभेखाली सरकवली. जिभेखाली चरचरलं. गोळी गोडसर होती, आणि मग तिखटसर.

आणि चाखूचे गाल आत गेले, भुवया वर गेल्या.

पिच्!

थुंकू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. कुठल्या डॉक्टरला सुचेल? साऱ्या आयुष्यात त्या जिभेवर कामाच्या वेळी जे आलं ते तिने असंच बाहेर टाकलं होतं. चाखू पिकदाणीत बघत राहिला. खाली काळपट चहाचा डोह होता. त्यात त्याची गोळी गेली होती. त्याने चक्क हात घालायला बाही वर केली.

"चाखूभाऊ," गाळणी कुजबुजली. ती जवळ कधी आली कळलं नाही. "काय शोधताय? काय? तोंड बघा तुमचं! राखेसारखं झालंय."

"कोणाला... सांगू नकोस," चाखू म्हणाला. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. "गोळी. छाती."

गाळणीने पायाने स्टूल ओढलं आणि त्याला खांद्याला धरून दाबून बसवलं. दुसऱ्या पायाने पिकदाणीला अशी लाथ घातली की ती खडखडत व्यापाऱ्यांच्या पायांशी गेली. "जिभेखाली?" तिने बाटली वाचत विचारलं आणि दुसरी गोळी काढून त्याच्या हातात दिली. "ठेवा. मिटा तोंड. मिटा म्हणते ना! आणि थुंकलात तर बघा माझ्याशी गाठ आहे!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा. गाळणीने चाखूची हनुवटी खालून धरून ठेवली होती. त्याच्या गालांना पुन्हा पुन्हा आत जायचं होतं. गळ्यापर्यंत चव आली होती. डोकं घणाचे घाव बसावेत तसं ठणकू लागलं. गाळणीने मोकळ्या हाताने वाळूचं घड्याळ उलटं केलं; चहा मुरायला देतात तितकाच, पाच मिनिटांचा वेळ बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिला होता. चाखू वाळूकडे बघत राहिला. इतकी सावकाश वाळू त्याने कधी बघितली नव्हती.

"कसंय ना," मालक पुढे आले, "काय झालंय नक्की?"

"तुम्ही बाजूला व्हा. वारा येऊ द्या," गाळणी म्हणाली. मालक बाजूला झाले.

वाळू संपली. खोकं तसंच होतं.

"थोडं थांबू," चाखू पुटपुटला. "पाहुणे आहेत..."

"पाहुण्यांचं मी बघते," म्हणत गाळणीने रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, आणि बातमी पसरवायला जन्मलेल्या त्या आवाजात इतकं स्वच्छ सांगितलं, की पलीकडच्याने परत काही विचारलंच नाही.

*

दवाखान्यात छातीला तारा, हाताला सुई, डोक्याशी 'टुक टुक' करणारा पडदा. चाखू पडद्याकडे बघायचा, टुक जरा उशिरा आला की श्वास धरायचा. बायको उशाशी बसली होती. ती खरोखरच काही बोलत नव्हती, आणि त्याची त्याला टुकपेक्षा जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. "झटका आलेला नाही, काय? पण दारापर्यंत येऊन गेला. वेळेवर आणलं म्हणून." त्यांनी कागद उलटले. "आता मला एक सांगा. सकाळची गोळी नियमित घेत होता?"

"हो," चाखू म्हणाला.

"रोज?"

"रोज."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. "रोज घेऊनही बसल्याजागी दुखतंय, म्हणजे ही गोळी तुम्हाला पुरत नाही. हिचा डोस वाढवते. आणि जोडीला अजून एक, जरा जोरकस, काय?" आणि त्या लिहू लागल्या.

चाखू त्या लेखणीकडे बघत होता. रांगेत एक कप चुकीचा लागला, एका वाडग्यावर भलत्या पोत्याची चिठ्ठी लागली, की पुढचं सगळं मिश्रण खोटं होतं. कितीही जाणता चाखणारा असो, त्याला कळत नाही की चूक आपल्या जिभेत नाही, चिठ्ठीत आहे. आणि इथे खोटी चिठ्ठी त्याने स्वतः लावली होती. ही बाई आता त्याच्यावर विसंबून, न घेतलेल्या गोळीवर गोळ्या चढवत जाणार होती. त्याला ते लख्ख दिसलं, आणि जिन्यावर, खोलीत, रुग्णवाहिकेत वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

"थांबा," तो म्हणाला. "लिहू नका. मी घेत नव्हतो."

लेखणी थांबली.

"अधूनमधून घेत होतो. कधी अर्धी. कधी दोन. गेला आठवडाभर एकही नाही." मग सगळंच बाहेर आलं. चमच्याची चव, मीठ-साखर-लिंबू, बेसिन, यंत्राचा आकडा, आणि थुंकलेली गोळी. ते ऐकून खाटेजवळची परिचारिका वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ही गोळी हृदयाला लगाम घालते," त्या म्हणाल्या. "लगाम एकदम सोडला की घोडा आधी होता त्याहून जास्त उधळतो. तुमचं दुखणं वाढलं नव्हतं. तुम्ही ते उधळवलंत. आणि मी आत्ता दुप्पट लगाम खेचला असता तर तो जागच्या जागी बसला असता." पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याच्या शेवटी 'काय?' आलं नाही.

"मग जीभ?" चाखूने विचारलं. विचारताना त्याने चादर मुठीत धरली होती.

"काही गोळ्यांनी चव बदलते. या गोळीने बदलली असेल, नसेलही. वय असेल. भीतीने तोंड कोरडं पडतं, त्यानेही होतं. मला आधी सांगितलं असतंत तर दुसरी देऊन बघितली असती. अजूनही बघू. पण ही हळूहळू कमी करत आणि ती चालू करत, माझ्या नजरेखाली. तोवर हीच, रोज. चव परत येईल असं वचन मी देऊ शकत नाही."

त्या गेल्या. मग बायको म्हणाली, "मी इतकी वर्षं बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली. ती या जिभेसाठी केली असं तुम्हाला वाटतं?"

चाखूने मुठीतली चादर सोडली.

"आता मी खरंच काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि परिचारिकेने आणून दिलेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवून, तो गिळेपर्यंत त्याच्या घशाकडे बघत बसली. "आ करा." त्याने आ केला. "जीभ वर." त्याने जीभ वर केली.

*

कामावर परत जायची परवानगी मिळाली तेव्हा गोळी बदललेली होती. चमच्याची चव काही दिवस असायची, काही दिवस नसायची. आज आहे की नाही, हे पहिला कप ओढेपर्यंत कळायचं नाही. चाखू जिना सावकाश चढला. गाळणीने स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं.

मोठी चाखणी त्याच्यासाठी लांबवली होती. तेच व्यापारी, तीच भिंत. मालक दाराशी, गोदामाचे चार जण काहीतरी निमित्त काढून दाराबाहेर. सगळ्यांना सगळं माहीत होतं, गाळणीची कृपा. एकानेही त्याच्या छातीकडे बघितलं नाही. सगळे तोंडाकडे बघत होते.

पहिला कप ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला त्याने ओढलं, गाल आत घेतले, आणि तिथे काहीच नव्हतं. ओलं, गरम, आणि नाण्याची कड. त्याने पुन्हा ओढलं. छाती धडधडू लागली. खोकं? नाही, खोकं नव्हतं, ही नुसती भीती होती, जुनी, ओळखीची.

"कसंय ना," मालक हळूच म्हणाले, "ही घ्यायची ना?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. 'दोन मुठी वाढवा' म्हणणं तर त्याहून सोपं. त्याचा शब्द कोणी तपासत नव्हतं, कधीच तपासला नव्हता. व्यापारी लेखणी काढून उभे होते.

चाखूने चमचा खाली ठेवला.

"मला कळत नाही," तो म्हणाला.

एका व्यापाऱ्याने लेखणीला टोपण लावलं.

"आज मला ही कळत नाही," चाखू पुन्हा म्हणाला, आणि त्याला वाटलं होतं तसं छत कोसळलं नाही, पण पायाखालचं काहीतरी नक्की सरकलं. त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "गाळणी, तू सांग."

"मी?" गाळणी मागे सरली. इतक्या वर्षांत तिने ओढून बघितलं होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने व्यापाऱ्यांकडे बघितलं, मालकांकडे बघितलं, आणि तिचा तो स्वच्छ आवाज कुठच्या कुठे गेला. "चाखूभाऊ, मला भीती वाटते हो."

"वाटू दे," चाखू म्हणाला. "ओढ."